करडईच्या तेलावर फिरलेलं चाक

गंजलेलं म्हणा, पण भंगार म्हणालात तर याद राखा! मित्रांनो, मी देवळाली प्रवराच्या माळावरचं एक जुनं डिझेल इंजिन आहे.

माझी मालकीण गोजरबाई. तिच्या वाट्याला सगळी मुरमाड जमीन आली. कुसळंसुद्धा तिथे विचार करून उगवायची. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा तिने साखर कारखान्याचं वापरलेलं पाणी मागून घेतलं. ते तीन तळ्यांत निवळायचं. पहिल्यात काळंकुट्ट, तिसऱ्यात कोऱ्या चहासारखं. ते मी उपसलं, आणि त्या मुरमावर करडई पिवळीधमक फुलली. मी बघतच राहिलं!

घाण्यावरून तेलाचे डबे घरी आले. पहिली वाटी मारुतीला न्यायची रीत. वाटेतच धाकटी जाऊ लंकाबाई आडवी आली.

"जाऊबाई, मोरीच्या पान्यावरचं त्याल द्येवाला घालता व्हय?"

"तुज्या जिभेपरीस निर्मळ हाय ते!"

गोजरबाई बोलली खरी, पण पुजाऱ्यानेही वाटी न घेता लांबूनच हात जोडले. गावात कुणी थेंब घेतला नाही. डबे कोपऱ्यात पडून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात डिझेल मिळेनासं झालं. करडई कळ्यांवर आलेली, आणि माझी टाकी कोरडी. चार दिवसांत पाणी मिळालं नाही तर पीक वाळणार होतं. गोजरबाईने सहादेव मिस्त्रीला बोलावलं.

"त्या डब्यातलं त्याल घाल ह्याला."

"आत्याबाई, इंजिन हाय ते, जावाई न्हाई!"

"जावायापरीस गुनाचं हाय. घाल!"

सहादेवने उरल्यासुरल्या तांब्याभर डिझेलवर मला तापवलं. मग चुलीवर कोमट केलेलं तेल गाळून टाकीत ओतलं. मी ठसकलं, अडखळलं, आता बंद पडतं की काय असं झालं... आणि लागला ठेका! धुराला वास कसला, तर भज्यांचा! लंकाबाई बांधावर धावत आली.

"कुनाकडं तळन हाय गं?"

भरून वाहणारा पाट दिसला आणि ती आल्या पावली माघारी फिरली. पीक वाचलं.

त्या दिवसाचं नवल मला अजून वाटतं. मी उपसलेलं पाणी मातीत गेलं, दाण्यात शिरलं, आणि वर्षाने माझ्याच पोटात पेटलं!

आता मी छपराखाली पडून आहे. माझं काम विजेची मोटर करते, करो बापडी. मित्रांनो, तुम्ही पाणी फेकून देण्याआधी त्याला जरा निवळू द्या. आणि येता-जाता माझ्या चाकाला बोटभर तेल लावा. कुठलं, ते मी विचारणार नाही.