उजव्या खिडकीतला भिवा

सानिकाने चित्र टेबलावर पसरलं आणि केरूची नजर आधी भिवाला शोधू लागली.

इंजिन अगदी तेच. नाकावरचा पोचासुद्धा सुटला नव्हता. डाव्या खिडकीत कोपर बाहेर काढून केरू स्वतः. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, पन्नासांतली पहिली प्रत.

"काका, आवडलं ना?"

कोकणची लाइन विजेवर गेली, तेव्हापासून मांडवीची ही पोर जुन्या डिझेल इंजिनांचे लाकडी ठसे कोरून मोजक्या प्रती काढायची. केरू महिनाभर तिच्याशेजारी बसून एकेक नट सांगत होता.

"भिवा कुठाय गं?"

केरू ड्रायव्हर, भिवा त्याचा असिस्टंट. एकवीस वर्षं एका केबिनमध्ये. सिग्नल बघून केरूने "हिरवा" म्हणायचं, पलीकडून भिवाने "हिरवा" म्हणायचं, मगच गाडी पुढे. करोनात तो गेला. घरात त्याचा ओळखपत्रावरचा फोटो तेवढा उरला. भिवा इंजिनात बसलेला दिसेल, असं केरूने त्याच्या बायकोला, मथुरेला, छातीठोक सांगितलं होतं.

पण कुठल्या बाजूने काढू, असं सानिकाने विचारलं, तेव्हा हा एका दमात म्हणाला होता, "डाव्या. सिग्नल डावीकडेच असतात." जन्मभर डावीकडे बघणाऱ्याला इंजिनाची दुसरी बाजू सुचलीच नाही. भिवा उजवीकडे बसायचा.

"एक प्रत बदलून काढ की, बाय."

"ठशावर चीर मारली, काका. पन्नास झाल्या की मारायचीच असते, म्हणजे जास्त निघू नयेत. आणि उजवी बाजू आता बघू कुठे? डावी काढून झाली नि इंजिन भंगारात गेलं."

तेवढ्यात पूर्णगडहून आलेली मथुरा दारात उभी राहिली. अंगावर घडी मोडलेली नवी साडी.

"जयभीम, भावोजी. दाखवा बघू. हे कुठं हायत?"

"वहिनी, तो... त्या अंगाला बसलाय."

मथुरा वाकली. खिडकीशी डोळे नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"दिसत नाय."

"नाय दिसायचा. माझीच चूक झाली."

"जितेपणी तुमीच पुढं. आता कागदावर पण तुमीच होय?"

केरूने चित्राची गुंडाळी करून तिच्यापुढे धरली. "हे तुमी न्या."

"तुमचं तोंड माझ्या भिंतीला कशाला लावू, भावोजी?"

रागाने नव्हे, खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मग चपला घालून एसटीच्या दिशेने चालू लागली. केरू गुंडाळी धरून तिथेच उभा राहिला.