सतरंजीवर ठरलेला पूल

मी एक सतरंजी आहे. कधी काळी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची होते. आता रंग विचारू नका. जळकोटच्या बाजूला, सडकेलगतच्या एका गावात गफार विणकरानं मला मागावर विणलं. "बहुत लोगां बैठनेवाले हैं इसपे," असं म्हणत त्यानं माझी वीण घट्ट ठोकली. निजामाचं राज्य जाऊन मराठवाडा महाराष्ट्रात आला होता. गावात नवी ग्रामपंचायत झाली आणि पंचांना बसायला चावडीत मी आले.

माणूस बसला की मला त्याचं बरंच कळतं. मनात खात्री असलेला ऐसपैस मांडी घालतो. ज्याला बोलायचंय पण धीर होत नाही, तो माझ्या कडेच्या सुट्या दशा ओढत राहतो. नसीमबी तशी होती. गावची सुईण. पंचायतीत बायकांना जागा द्यायची असा कायदा आला, म्हणून ती आणि सारजाबाई पंच झाल्या होत्या. दोघी दाराजवळ बसायच्या, ठरावावर अंगठा उठवायच्या आणि घरी जायच्या.

मग सोलापूरच्या एका शेठनं सडकेकडेचं रान विकत घेऊन तिथं प्लॉट पाडले. परवानगी देताना पंचायतीनं अट घातली: गावचं पाणी आणि गावची वाट वापरणार, तर विकलेल्या प्रत्येक प्लॉटामागं गावच्या सुधारणेसाठी रक्कम भरा. शेठनं कुरकुर केली, पण तोवर विकलेल्या प्लॉटांची भरली. गावाच्या हाती असा पैसा पहिल्यांदाच आला होता.

सरपंच हिंमतराव म्हणाले, "सडकेवर दगडी कमान बांधू. येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाचं नाव दिसलं पायजे."

"कमानीखाली काय शाळा भरवायची?" महारुद्र म्हणाले. ते शेतकरी, पण शाळेसाठी सतत धडपडायचे. "पोरं मारुतीच्या देवळात फरशीवर बसून शिकत्यात. आधी खोली बांधा."

बैठकीमागून बैठक झाली. एकमेकांशी सोयरीक असलेली माणसं पाठ फिरवून बसू लागली. शेवटी हिंमतरावांनीच तोड काढली. "भांडण नको. निम्मं कमानीला, निम्मं शाळेला."

सारजाबाईनं नसीमबीला कोपरानं ढोसलं. "बोल की!"

"ओढ्यावर पूल पायजे व्हता," नसीमबी हळूच म्हणाली.

"बरं, मग तीन वाटे करू. पुलाला बी देऊ थोडं," हिंमतराव खुशीत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचंच मन मोडलं नव्हतं.

नसीमबीनं माझ्या दशा सोडल्या. "सरपंचसाब, थोड्यात अर्धा पूल हुईल. अर्ध्या पुलावरनं म्या पल्याड जाऊ कशी?"

कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

"गेल्या श्रावणात पल्याडच्या वस्तीवर इरम्मा अडली. म्या अल्याड उभी. ओढा दुथडी भरलेला. तिचा मालक हाका मारत व्हता, मला ऐकू येत व्हत्या, पर पाय टाकायला जागा न्हवती. पाणी उतरलं तवा गेले. लेकरू हाताला लागलं. इरम्मा न्हाय."

इरम्मा गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. नसीमबी काठावर उभी होती, हे ठाऊक नव्हतं.

"तुमी आधी का बोलला न्हाईत?" हिंमतरावांनी विचारलं.

"रोज बोलू बोलू म्हणायची. कमान, शाळा, मोठी कामं तुमची. मला वाटायचं, बाळंतपणाची गोष्ट चावडीत कशी काढावी?"

महारुद्रांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "शाळेचा वाटा पुलाला घ्या. पर राहिलेल्या प्लॉटांची रक्कम येईल ती शाळेची, हे आत्ताच ठरावात लिवा."

आता सगळे हिंमतरावांकडं बघू लागले. कमानीसाठी त्यांनी गवंड्याशी बोलणंसुद्धा केलं होतं. "ऱ्हाऊ द्या कमान," ते म्हणाले आणि त्यांनीच पहिला हात वर केला. दोन पंचांनी हात वर केले नाहीत. एक तर रागानं उठूनच गेला.

शाळेला खोली मिळाली नाही, तेव्हा महारुद्रांनी पंचायतीकडं मला मागून घेतलं. "पोरांच्या बुडाखाली हिला तरी द्या." मी देवळात आले, आणि पंच चावडीच्या उघड्या जमिनीवर बसू लागले. पोरांनी माझ्यावर शाई सांडली, बोरं खाल्ली, भांडणं केली. समोर ओढ्यावर दगड पडत होते, चुना मळला जात होता.

पूल उभा राहिला, आणि पहिल्याच भाद्रपदात एका दुपारी ओढ्याला लोंढा आला. पल्याडच्या वस्तीवर कस्तुराबाईची सून बाळंतपणात अडली होती. मास्तर अडवायच्या आत पोरं बाहेर पळाली. नसीमबी काखेत गाठोडं मारून पुलावरून चालली होती. खालून गढूळ पाणी धावत होतं, आणि नसीमबी माहेरी निघाल्यासारखी सरळ पल्याड गेली.

शाळा सुटायच्या वेळी ती परत आली. पोरांनी तिला घेरलं. "काय झालं, खाला?"

"पोरगी झाली. आई जेवली बी," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

शेठचे उरलेले प्लॉट अजून विकले गेले नाहीत, म्हणून शाळेची खोलीही अजून झाली नाही. महारुद्र दर बैठकीत तेवढं विचारतात. मी मधोमध विरले आहे, एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. गफार असता तर त्यानं सांधलं असतं. तुमच्यापैकी कुणाला विणता येत असेल तर दोन-चार आडवे धागे घाला, सुटीत जरा ऊन दाखवा. खोली होईपर्यंत पोरं फरशीवर बसू नयेत, एवढी तरी मला टिकवा.