वर्षाच्या बोलीवर

सकाळी पावणेसातला गाळाची पहिली ट्रॉली काशम्माच्या रानात उलटली.

ती तेव्हा वस्तीवरच्या खोलीत अवजारं पोत्यात भरत होती. ज्वारी घरी गेली होती, कडबा उचलला होता, बैल फेब्रुवारीतच बाजारात दिले होते. रविवारी तिला मुलाकडे पुण्याला निघायचं होतं, गुडघे बरे होईपर्यंत. तोवर साडेतीन एकर रान भाचा सोमलिंग बघणार होता. अर्धेलीनं, म्हणजे निम्मं पीक त्याचं, निम्मं तिचं; या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत.

रान तिचं एकटीचं. बापानं जिवंतपणी तिच्या नावावर करून दिलेलं. तिच्या भावानं, सोमलिंगच्या वडिलांनी, तेव्हा वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

ती बाहेर आली. तळ्यातला काळा गाळ होता. बांधावर उभी राहिली ती तिसरी ट्रॉली येईपर्यंत हलली नाही.

वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या रानात कोणी गाळ टाकत नाही. पहिलं वर्ष तो नुसता मुरतो. त्याचं पीक दिसतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि मग दहा वर्षं दिसत राहतं. मंद्रूप गावात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

सोमलिंग ट्रॅक्टरवरून उतरला.

"आत्या, च्या उरलाय का?"

"भांडी बांधली. किती ट्रॉल्या हायत्या?"

"चाळीस तरी व्हतील."

"एका वर्षासाठी चाळीस? एवढा दानधर्म कदीपास्नं करायला लागलास?"

तो हसला. टॉवेलनं मान पुसली, मग कपाळ, मग परत मान.

"रान तुमचंच हाय की. चांगलं झालं तर तुमचंच."

"आन् पुढच्या पाडव्याला?"

"पुढचं पुढं बघू," म्हणत तो ट्रॅक्टरवर चढलासुद्धा.

काशम्मानं पोत्याचं तोंड बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. नऊ वाजता तिनं पुण्याला फोन लावला.

"राजू, सोमू रानात गाळ टाकतोय."

पलीकडे राजशेखरनं दार लोटल्याचा आवाज आला.

"टाकू दे की अव्वा. तू कशाला उन्हात उभी राहतीस?"

"वर्षासाठी कोण गाळ टाकतंय?"

"मला शेतीतलं काय कळतंय? तू बॅग भर. रविवारी गाडी पाठवतो."

दहावीला जाईपर्यंत दर उन्हाळ्यात याच रानात तिच्याबरोबर पाटीनं गाळ पसरणारा पोरगा हे म्हणत होता. तिनं फोन ठेवला, पायात चपला घातल्या आणि गावाकडे निघाली. रस्त्यात दोनदा गुडघा धरून बसावं लागलं.

तलाठ्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या सेवा केंद्रात दानेश्वरी संगणकापुढे बसली होती. काशम्मानं सातबारा काढायला सांगितला आणि मोठ्यानं वाचायला लावला.

"नाव तुमचंच, एकटीचं. बोजा न्हाय. नवा फेरफार न्हाय." दानेश्वरीनं कागद पुढे केला. "घाबरल्यागत काय करताय? पाणी प्या."

काशम्मा स्टुलावर टेकली. अर्धा तांब्या प्यायली.

"सगळ्यांनाच एकदम तुमचं रान आठवलंय बघा," दानेश्वरी म्हणाली.

"कुणाला?"

"या आठवड्यात ह्यो तिसरा उतारा. एक सोमूदादानं नेला. एक राजूदादाला मोबाईलवर पाठवला. त्यानंच फोन करून मागितला. बोलला न्हाय का तुमाला?"

काशम्मानं पदरानं तोंड पुसलं.

"बोलला की."

तिनं उताऱ्याची घडी घातली. कागदाच्या तळाशी तारीख होती आणि वेळ, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. तोपर्यंत जमीन काशम्माच्या नावावर होती.