नारळानं पुसलेला डावा हात

मी एक जुना डिजिटल पियानो आहे. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी एकही मुकी नाही.

कारखान्यात जन्मलो. माझ्या पोटात तारा नाहीत, पण थोरामोठ्या पियानोंकडे नाही असा गुण आहे. लाल बटण दाबून वाजवा, मी ते ध्यानात ठेवतो. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ, एवढंच. खोलीतलं बोलणं मी ऐकतो, पण भरून ठेवत नाही, हे या घराचं नशीब.

जालन्याच्या एका क्लासात दहा वर्षं पोरांची बोटं सोसली. क्लास बंद पडला, मग दोन वर्षं पोत्याखाली पडून होतो. विचारपूस शून्य. शेवटी संगीत शिकवणाऱ्या सबिहा मॅडमनी मला शोधलं आणि मंठ्याच्या दुर्गाबाईंच्या घरी, त्यांच्या नातीसाठी आणवलं.

नात तृप्ती. उजवा हात गोड, डावा आळशी. म्हणून मॅडमनी डाव्या हाताचं वाजवणं माझ्यात भरून दिलं आणि बजावलं, आधी याच्या जोडीनं सराव कर, मग हे बंद करून वाजव. पोरीनं बंद केलंच नाही. मॅडमनी विचारलं तर म्हणाली, बसलं सगळं.

तेवढ्यात मॅडमची बदली केदारखेड्याला झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या जेवायला येणार, तृप्ती दोन्ही हातांनी वाजवून दाखवणार, असं ठरलं. मॅडम समोर बसणार, हात माझ्याआड राहणार. डावा हात नुसता फिरवायचा, आवाज माझा. असा तिचा बेत.

खंडेनवमीला दुर्गाबाईंनी विळा पुजला, शिलाई मशीन पुजली, मिक्सर पुजला, मग माझ्याकडे वळल्या. मी चालूच होतो. गोल लाल बटण पाहून त्यांना तीच जागा योग्य वाटली. हळदीकुंकू तिथंच दाबून लावलं आणि नारळ पट्ट्यांवर टेकवला. भोंऽऽ झालं. माझ्या पोटात एकच वाजवणं मावतं. मॅडमचा डावा हात गेला, नारळ बसला.

तृप्ती रडायला लागली. आजी म्हणाल्या, मॅडमला फोन कर, परत भरून देतील. पण मॅडमला तर 'बसलं सगळं' सांगून झालेलं. मग पोरीला आजीपाशी खरं सांगावंच लागलं.

"मी देवाचं करून राह्यले अन् तू फसवायचं करून राह्यली," दुर्गाबाई म्हणाल्या. "नारळानं बराबर केलं. बस आता."

पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत. पण त्यांनीच नारळ उचलला.

तृप्तीनं वाजवलं, भरलं, ऐकलं. "हा बिघडलाय, आज्जी. मी असं वाजवलंच न्हाई."

ऐका. बिघडलो म्हणे मी. मला कायम नवल वाटतं, वाजवताना माणसाचे कान जातात कुठं? स्वतःचंच वाजवणं त्याला परक्याचं कसं वाटतं?

दुर्गाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. सूर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "डावा हात पाव्हण्यावाणी येऊन राह्यलाय. बोलावल्यावर."

तृप्तीला रडता रडता हसू आलं. तिनं वेग अर्ध्यावर आणला. पुन्हा वाजवलं, पुन्हा ऐकलं. दोन दिवसांत किती वेळा, मी मोजलं नाही. पण ऐकल्यावर आता ती मला बिघडलेला म्हणत नव्हती.

मॅडम आल्या. तृप्ती वाजवायला बसली. मधे एका जागी डावा हात थांबला, चुकला, परत धरला.

"माझ्या रेकॉर्डिंगवर हात फिरवला असतास तर इथं अडखळली नसतीस," मॅडम म्हणाल्या. पोरीनं रेकॉर्डिंग कधी बंद केलंच नाही, हे त्यांना महिन्याभरापासून ठाऊक होतं.

"ते पुसलं, मॅडम. अन् मी खोटं बोलल्ते."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, पुन्हा वाजव, हे मला सोबत न्यायचंय, अडखळलीस तरी चालेल.

मित्रांनो, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका, धूळ बसू देऊ नका. आणि स्वतःचं वाजवणं भरून एकदा तरी ऐका. मी वाढवून सांगत नाही, झाकूनही ठेवत नाही. कान तापतील. तापू द्या, पण उठू नका.