यंदाचा शत्रू

आमच्या सुरक्षा कार्यालयात दरवर्षी एक खोटा शत्रू नेमतात. तालीम म्हणून त्याने शहर वेठीला धरायचं आणि बाकीच्यांनी त्याला पकडायचं. आजवरचा प्रत्येक शत्रू मागच्या भिंतीवरून आला, कारण तिथे शिडी आम्हीच लावून ठेवतो. उगाच पडून कुणाचं हाड मोडायला नको. यंदा साहेबांनी मला शत्रू नेमलं, तेही रागाने.

राग पंपाचा होता. शहराला पाणी देणारा पंप एकच, आणि तोही म्हातारा. गेल्या महिन्यात तो बसला आणि रुग्णालयातली डायलिसिसची यंत्रं थांबली. माझ्या बाबांना उपचाराविना घरी आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजले, धाप लागली, आणि मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतकी घाबरले. म्हणून शहराच्या सुरक्षा आराखड्यात मी दुसरा पंप घातला. साहेबांनी तो खोडून कॅमेरे घातले.

"पंप पाणीखात्याचा," ते म्हणाले. "आपलं काम शत्रूचं. उद्या तू ढेकूणसुद्धा आराखड्यात घालशील."

"माणसं मरायला लागली तर घालीन," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. शत्रूपद माझ्या गळ्यात पडलं ते त्यामुळेच.

तालमीच्या सकाळी सगळी फौज मागच्या भिंतीकडे डोळे लावून बसली. मी पुढच्या दाराने निघाले आणि पंपघरात गेले. पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र बघून सलाम ठोकला. पंपवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. रुग्णालयाच्या पाण्याला हात लावायचा नाही, फक्त आमच्या कार्यालयाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा.

दुपारपर्यंत कार्यालयाची रया गेली. चहा नाही, आणि संडासाचं तर बोलायलाच नको. फौज भिंत सोडून समोरच्या हॉटेलाच्या मोरीकडे धावली. साहेब स्वतः पंपघरात आले, तेव्हा त्यांच्या हातांवर साबण वाळला होता.

"तुला थांबवायला किती माणसं लागली असती?" त्यांनी विचारलं.

"माणसं नाही, साहेब. दुसरा पंप."

"आणि कॅमेरे?"

"पंप बसला की त्याचं छान चित्रण होईल."

ते हसले नाहीत. साहेब वाईट माणूस नाहीत, हट्टी आहेत, म्हणजे माझ्यासारखेच. घरघरणाऱ्या पंपाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग निम्मे कॅमेरे गेले आणि आराखड्यात पंप परत आला.

नवा पंप बसवला त्याला काही महिने झाले असतील. मी रुग्णालयात बाबांच्या खाटेशेजारी बसले होते. त्यांचं रक्त नळीतून यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. तेवढ्यात पंपवाल्याचा फोन आला. जुना पंप सकाळीच जळाला होता. नवा लगेच सुरू झाला, आणि शहरात एका नळाची धारसुद्धा बारीक झाली नाही.

मी फोन ठेवला. डोळे भरून आले ते लपवले नाहीत.

"काय झालं गं तुमच्या खात्यात?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. काहीच झालं नाही."

"कधीच काही होत नाही तुमच्याकडे," ते नेहमीसारखे चिडवत म्हणाले. "मग पगार कसला घेता?"

"ह्याचाच," मी म्हणाले.