सील न फोडलेला गेम

सोमनाथ कतारला निघाला तेव्हा गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा कोरा डबा धाकट्या बहिणीच्या हातात देऊन म्हणाला, "मोनिका, मी आल्यावर दोघं मिळून फोडू. तोवर सीलला हात लावायचा नाय." झालं. दादाचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत तिनं तो डबा तीन वर्षं असा जपला, की विचारू नका. आईच्या शालूच्या घडीत ठेवला. मावसभाऊ सुयश मागून मागून थकला, पण ही बधली नाय. खंडेनवमीला वडलांचे पाने-पकडी पूजेला निघाले की हिचा डबाही पाटावर. आई त्याला हळदकुंकू वाहायची, तेही प्लास्टिकवरूनच.

आता एका डब्यावर एवढा जीव कशाला, म्हणाल. तर ही दोघं गेमच्या रिमोटवरून भांडत लहानाची मोठी झालेली. तो परदेशी गेला अन् फोनवरचं बोलणं आटत आटत 'जेवलास का, बरा हायेस ना' एवढ्यावर आलं. फोन ठेवला की मोनिकाला रडू यायचं. दादा येईल, डबा फुटेल अन् सगळं पहिल्यासारखं होईल, याच आशेवर पोरगी होती.

परवा सोमनाथ पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला. चहा झाल्या झाल्या दोघांनी डबा फोडला. डिस्क टीव्हीखालच्या गेमच्या मशीनमध्ये गेली अन् टीव्हीवर अक्षरं उमटली: या गेमची सेवा बंद करण्यात आली आहे. वायफाय बंद करून चालू केलं, मोबाईलचं नेट जोडून पाहिलं. पुन्हा तेच.

तशीच दोघं औरंगपुऱ्यात गेली, जावेदभाईंच्या दुकानात. गेम तिथूनच घेतलेला. जावेदभाईंनी डिस्क उजेडात धरून पाहिली.

"डिस्क चांगली हाये. कंपनीनंच गेल्या वर्षी सर्व्हर बंद केला. आता हा गेम जगात कुठंच चालत नाय."

"पण आम्ही विकत घेतलाय तो," मोनिका म्हणाली.

"डबा तुमचा, ताई. गेम त्यांचाच. दर वेळी सुरू करताना नेटवरून त्यांच्याकडं हजेरी लागते, ते हो म्हणले तर खेळायचं. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

सोमनाथचा आवाज चढला. "अहो, आम्ही एका खोलीत बसून खेळणार. त्याला नेट कशाला पाहिजे?"

जावेदभाईंनी डबा उलटा करून त्याच्यापुढं धरला. "एका टीव्हीवर दोघांना खेळताच येत नाय हा, भाऊ. लांब लांब राहणाऱ्यांनी मिळून खेळायचा गेम हाये. तिकडं कतारात तुम्ही एक घेतला असता, तर ताई इथनं अन् तुम्ही तिथनं, रोज खेळले असते की."

मोनिकानं मनात हिशेब केला. सर्व्हर बंद होईस्तोवर दोन वर्षं, रोज. दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती, त्यांचं बोलणं तिला ऐकूच येईना.

सोमनाथनं डिस्क परत डब्यात ठेवली. मग हळूच म्हणाला, "एकदा तरी फोडून बघायचं की गं."

तिला राग यायला पाहिजे होता, पण तोही येईना.

"तूच नको म्हणला होतास ना, दादा," ती म्हणाली.