शिलाई मशीनच्या पानावरचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना चौकोन आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. वेबसाइटच्या उजव्या कडेला जाहिरातीसाठी राखलेली जागा, एवढीच माझी ओळख. तुम्ही माझ्यासारख्यांवर हजारदा वैतागला असाल. तरी आज माझे ऐकून घ्या.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानामागच्या खोलीत माझा जन्म झाला. काकांना आपली विद्या फुकट वाटायची होती. धागा का तुटतो, सुई का अडते, बॉबिन कशी बसवायची, सगळे त्यांनी फोटोंसह वहीत उतरवले. त्यांच्या लेकीने वेबसाइट बांधून ते त्यावर चढवले. मला कोपऱ्यात बसवले आणि माझ्यातले चित्र कसे बदलायचे, तेवढे वडिलांना शिकवले. पहिली आली ती रिळांची जाहिरात. शांत, न हलणारी. तिच्यावर वेबसाइटचे भाडे निघे. "या चौकोनाच्या जिवावर चाललंय बरं का सगळं," काका म्हणायचे आणि मी फुलून जायचो.

मग दिवस फिरले. रिळवाल्याने जाहिरात थांबवली आणि काकांनी मला एका कंपनीच्या हवाली केले. त्या लोकांनी माझे पार माकड केले हो! मी नाचू लागलो, किंचाळू लागलो, सगळे पान झाकू लागलो. बंद करायची फुलीसुद्धा खोटी. दाबली की आणखी एक जाहिरात उघडे. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. वाचकांनी जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर बसवले. त्यांचे तरी काय चुकले?

लेकीने तेच काकांच्या कॉम्प्युटरवरही बसवले. "बाबा, आता डोक्याला ताप नाही." तेव्हापासून काकांना स्वतःचे पान कोरे, स्वच्छ दिसू लागले. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी कळवले, "काका, जाहिरातींनी नुसता उच्छाद मांडलाय. फोटोच दिसत नाहीत." काकांनी उत्तर दिले, "ताई, माझ्याकडे तर छान दिसतंय. तुमचा फोन एकदा दाखवून घ्या." त्या ताई पुन्हा फिरकल्या नाहीत.

एके दिवशी लेकीने ऑफिसातून पान उघडले आणि कपाळावर हात मारला. घरी येताच तिने काकांच्या कॉम्प्युटरवरचे ते सॉफ्टवेअर काढून टाकले. काका बघतच राहिले. "अगं, हे दाखवत होतो मी लोकांना? आणि वर त्या बाईंनाच शहाणपणा शिकवला!" त्याच दिवशी त्यांनी कंपनीला रामराम ठोकला.

आता भाड्याची सोय उरली नाही. काकांनी एक विनंती लिहिली: 'वाचकहो, माझं चुकलं. नाचणाऱ्या जाहिराती काढल्यात. कोणी एखादी साधी जाहिरात दिली तर हे पान टिकेल. नाहीतर महिनाअखेर बंद होईल.' मजकूर बदलता येईल अशी एकच जागा त्यांना ठाऊक होती. त्यांनी तो माझ्यात ठेवला.

काकांना तो ठळक दिसतो. रोज दुकान उघडण्याआधी ते उत्तर आले का, ते बघतात. तुमच्याकडचे सॉफ्टवेअर मात्र मी दिसताक्षणी मला पुसून टाकते. माझ्यात आता काय आहे, हे ते बघत नाही.

मित्रांनो, नाचणाऱ्यांना खुशाल हाकला. पण ज्या पानाने तुमची अडलेली सुई सोडवली, त्याच्या कोपऱ्यात एकदा तरी डोकावा.

महिना संपायला चार दिवस उरले आहेत. "लोक रागावलेत माझ्यावर," काल काका लेकीला म्हणाले. "बरोबरच आहे त्यांचं."